ओळख असूनही न बोलण्याविषयी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. "मानसोपचाराच्या मॅडम आपल्याच गावच्या सूनबाई, मग आठवडी बाजारात समोर आल्या तरी तुम्ही बोलत का नाही, त्यांना कधी हुरड्याला का बोलावत नाही?" असे मला ओळखीची माणसे नेहमी विचारतात आणि आमचे काही बिनसले असावे, अशी शंकाही घेतात. बिनसलेले काहीच नाही. हे आमचे आधीच ठरलेले आहे.

मोठ्या शहरात उपचार करणाऱ्याची गाठ बैठकीबाहेर सहसा पडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी तसा आग्रह धरला, तर उपचारच मिळणार नाहीत. माझे कृषी केंद्र आहे. खरिपात बियाणे आणि खत उधारीवर जाते आणि कापूस, सोयाबीन विकल्यावर हिशोब होतो. त्या उधारीच्या वहीत मॅडमच्या सासऱ्यांचेही पान आहे. जिच्यापुढे माझी झोप का उडाली ते सांगायचे, तिच्याच घरचे येणे माझ्या वहीत बाकी, ही गोष्ट मनाला टोचत होती, म्हणून पहिल्याच बैठकीत मी ती बोलून टाकली. त्या म्हणाल्या, "भाऊ, वसुलीचे तुमचे धाकटे बंधू सासऱ्यांशी बोलतील, मी त्यात येणार नाही. पण माझ्यामुळे तुम्हाला तगादा लावायला अवघड वाटू लागले, तर ते मात्र मला इथे सांगा." पुढे एका हंगामात तसे वाटलेच, मी ते सांगितले, आणि समोरच्याला दुखवण्याची मला वाटणारी भीती किती जुनी आहे, हे त्या बोलण्यातून उलगडले.

बाजारात मी आधी नमस्कार केला, तरच त्या करतात, कारण माझ्यासोबत कोण आहे आणि त्याला काय माहीत आहे, हे त्यांना ठाऊक नसते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश, असे मोजकेच अपवाद त्याला आहेत. जिथे दवाखान्याबाहेर कोणाची गाडी उभी आहे, यावरून चर्चा होते, तिथे हे कर्तव्य पाळणे सोपे नाही, आणि त्या ते पाळतात याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

हुरड्याचे म्हणाल, तर मी बोलावले होते. त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि कारणही सांगितले: शेतावर एकदा यजमान झालो की पुढच्या बैठकीत मी त्यांना बरे वाटेल तेच बोलू लागेन. तुरीच्या शेंगा मात्र त्यांनी एकदा घेतल्या. व्हॉट्सॲप केवळ वेळ ठरवण्यापुरते आहे. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक त्यांनीच मला लिहून दिला.

यातले बरेचसे बोलून ठरवता येते. परंतु उपचार करणाऱ्या व्यक्तीने तुमच्याकडे उसने पैसे मागितले, दुसऱ्या रुग्णाची गोष्ट नावानिशी सांगितली किंवा शारीरिक जवळीक साधण्याचा प्रयत्न केला, तर तिथे ठरवण्यासारखे काही उरत नाही. यवतमाळला किंवा नागपूरला जावे लागले तरी चालेल, पण उपचार दुसरीकडे घ्यावेत.