दोन थर आणि शेवटचा बाक

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका कॉलेजच्या परीक्षा हॉलच्या वाय-फायपाशी दोन रात्री काढल्या. साठ लॅपटॉप, एकच जुना ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा). सगळ्यांनी एकदम पेपर उघडला की हॉल गुदमरायचा. सर्व्हरवाले वाय-फायकडे बोट दाखवायचे, वाय-फायवाले सर्व्हरकडे.

हवेतली वाहतूक टिपणाऱ्या पॅकेट कॅप्चरमध्ये बहुतेक फ्रेम, म्हणजे वाय-फायवरून जाणारे डेटाचे तुकडे, 1 एमबीपीएसने (सेकंदाला दहा लाख बिट) जाताना दिसल्या. 1500 बाइटचा डेटा 54 एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत सुटतो. 1 ने त्याला 12 मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ बाकी सगळे गप्प. या वाय-फायची वेग ठरवण्याची पद्धत 1997 च्या वळणाची: सलग दोनदा पोच आली नाही की वेग उतरवा, सलग दहा आल्या की चढवा. सिग्नल कमजोर आहे की दोन फ्रेमची टक्कर झाली, हे तिला ओळखता येत नाही. टक्कर झाली तरी ती वेग उतरवते, फ्रेम लांबते, हवा अडते. वरच्या थरातला टीसीपी, म्हणजे सर्व्हरने डेटा किती सोडायचा ते ठरवणारा नियम, मात्र आपली विंडो (पोच येण्याआधी सोडता येणारा डेटा) वाढवतच राहतो, कारण खालचा थर, म्हणजे वाय-फाय, फ्रेम पुन्हापुन्हा पाठवून नुकसान झाकतो.

वाय-फाय आणि टीसीपी दोघंही आपल्यापुरतं शहाणपणानेच वागत होते. मी वहीत दोन बाय दोनचा तक्ता काढला: खेळाडू दोन, चाली प्रत्येकी दोन. टीसीपीने विंडो मोकळी सोडायची की आवळायची, वाय-फायने खालचे वेग ठेवायचे की बंद करायचे. चारही चौकोन हॉलमध्येच मोजले. एकट्याने चाल बदलली की त्याचंच नुकसान. गणितज्ञ जॉन नॅशने 1950 साली मांडलेला समतोल हाच, आणि आम्ही त्याच्या वाईट चौकोनात अडकलो होतो.

सर्व्हरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आम्ही विंडो आवळून पाहिली होती. आणखी मंद झालं, म्हणून परत सोडली." वाय-फायवाल्यांनीही खालचे वेग बंद करून पाहिले होते, तेव्हा लांबचे लॅपटॉप तुटायला लागले. दोन्ही टीम हुशार, पण टेंडरच थराथराने निघतात. दोघांना एका टेबलावर बसवणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. दुसऱ्या रात्री दोन्ही बदल एकदम केले. पेपर सर्रकन उघडले.

फक्त शेवटच्या बाकावरचा लॅपटॉप जोडलाच जाईना. तो बाक आम्ही पुढे ओढला. माझ्या तक्त्यात हॉलचा एकूण वेग होता, त्या बाकासाठी रकानाच नव्हता. तो तिसरा खेळाडू धरून तक्ता पुन्हा मांडतोय, अजून जुळत नाहीये.