गच्चीवरच्या भाजीचा हिशेब
इंदुरात गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना पहिल्या वर्षी बाजारातली भाजीच स्वस्त पडते, कारण खरा खर्च बियांवर होत नसून कुंड्या, माती आणि खत यांवर होतो. 12 इंच रुंद आणि तेवढ्याच उंच पिशवीत सुमारे 20 लिटर मिश्रण मावते. ते सगळे रोपवाटिकेतून विकत आणले, तर त्यात पिकलेल्या टोमॅटोंचा भाव न काढलेलाच बरा. माळव्याची काळी माती नुसतीच कुंडीत भरली की पाण्याने चिकटते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून तीत वाळू व कंपोस्ट मिसळावेच लागते. ओला कचरा वेगळा ठेवण्याची सवय शहराला लागलेलीच असल्याने कंपोस्ट मात्र घरच्या घरी जवळजवळ फुकटात होते.

बटाटे-कांदे लावण्यात अर्थ नाही. हंगामात चोइथराम मंडीत ते स्वस्तच मिळतात. पालेभाज्यांचे गणित वेगळे आहे. मेथीला बी म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे चालतात आणि महिनाभरात ती काढता येते. शिवाय सकाळच्या पोह्यांपुरती कोथिंबीर खुडली की फ्रिजमध्ये अर्धी जुडी काळी पडत नाही, आणि ही टळलेली नासाडी सहसा कोणी हिशेबात धरत नाही. 2023च्या जुलैत टोमॅटो किलोला 100 रुपयांवर गेले, तेव्हा गच्ची उपयोगी पडेल असे वाटले होते, परंतु भर पावसात आमच्याही रोपांची फुले गळत होती. तेव्हापासून टोमॅटोची रोपे आम्ही पावसाळा ओसरल्यावरच लावतो.