पायाखालचा डोंगर

डोंगराळ भागात फिरायला गेलं की एक गंमत हमखास होते. ज्याच्या ओढीनं एवढं आलो, तो डोंगर पायाखाली येतो आणि दिसेनासा होतो. दिसतो तो समोरचा. मग कठड्याला रेलून आपण पलीकडच्या कड्याचे फोटो काढतो. पलीकडची मंडळी त्याच वेळी आपल्या कड्याचे काढत असतात. दोघांनाही वाटत असतं, खरी मजा तिकडेच.

‘दुरून डोंगर साजरे’ हे आपण नेहमी टोमणा म्हणून वापरतो. मला त्यात नुसती माहिती दिसते. डोंगराला साज चढवते ती मधली हवाच. हवेचे रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेलेनं एकोणिसाव्या शतकात मांडलं. डोंगर जितका लांब, तितकी हवा अधिक आणि तितकी निळाई त्याच्यावर चढलेली. पहिली रांग हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि शेवटची तर आभाळ कुठे सुरू होतं ते कळू न देणारी. लिओनार्दो दा विंचीला यामागचं गणित ठाऊक नव्हतं, पण लांबचे डोंगर अधिक निळे रंगवा, हे त्यानं चित्रकारांसाठी लिहून ठेवलं होतं.

हीच हवा घाट चढताना विरळ होत जाते. कानांना दडे बसतात, पिशवीतलं वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगतं. किलोमीटरभर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ३००० मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे अंडं उकडायलाही जास्त वेळ द्यावा लागतो.

आणि धुकं! ते आलं की लोक हिरमुसतात, पॉइंट वाया गेला म्हणतात. खरं तर तो जमिनीला टेकलेला ढगच असतो. खालून ज्याच्याकडे मान वर करून बघायचं, त्याच्या पोटात आपण उभे असतो. याला वाया जाणं म्हणायचं असेल तर म्हणावं बापडं.

शिवाय दिसत नसला तरी समोरचा कडा सापडतो. त्याला हाक मारायची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक दोन सेकंदांनी परत आली, तर जाऊन-येऊन धरता कडा ३४० मीटरवर आहे. सतरा मीटरच्या आत असेल तर प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही. मात्र हाक आखूड हवी. हौशी मंडळी वडिलांच्या नावासकट आपलं पूर्ण नाव ठोकतात, आणि पहिलं अक्षर परत येतं तेव्हा त्यांचं आडनाव अजून तोंडातच असतं.