नळी असू द्या, सिस्टर

"नळी असू द्या, सिस्टर. रात्री उठून पडले तर?" आजोबांचा मुलगा माझ्या मागे लागला होता. आजोबा गोव्यातल्या वाळपईच्या पलीकडचे. हृदय कमजोर, पाय सुजून आलेले. लॅसिक्सची, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं चालू झाली तेव्हा लघवीचं नेमकं माप हवं म्हणून मूत्राशयात नळी घातली. आता सूज उतरली होती आणि डॉक्टरांनी राउंडला नळी काढायला सांगितलं होतं.

नळी असली की माणूस खाटेवरच राहतो, असं नातेवाइकांना वाटतं. पण झोपेतून गोंधळून उठलेल्याला नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीची आठवण राहत नाही, दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा तो हिसका खातो. शिवाय नळीवाटे जंतू मूत्राशयात चढतात. नळी राहील त्या प्रत्येक दिवसाला लघवीत जंतू होण्याचा धोका साधारण ३ ते ७ टक्के. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला तर कधी ताप येतच नाही, नुसता भ्रम होतो. आणि भ्रमातला माणूस खाटेचा कठडा ओलांडायला जातो, म्हणजे पडलाच तर आणखी उंचावरून. मुलाला हे सगळं सांगितलं. पटलं नाही, पण गप्प बसला.

नळी काढली. खाट सगळ्यात खाली केली, बेल हाताशी ठेवली, झिजलेल्या रबरी चपला पिशवीत घालून घरी पाठवल्या. लॅसिक्सचा दुसरा डोस चारच्या आत द्यायचं डॉक्टरांशी बोलून ठरवलं. उशिरा दिला की रात्रभर फेऱ्या ठरलेल्या. आजोबांना एकच गोष्ट पढवली: आधी उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, बेल दाबायची.

पहाटे बेल वाजली. मुलगा चहाला गेलेला. आजोबा काठावर बसलेले, "बाय, उठूं?"

हात धरून उभं केलं तर घामाने भिजले, डोळे फिरले. तसंच मागे बसवलं. बसून रक्तदाब १२८, उभं केल्यावर १०२. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला की आम्ही सावध होतो. पाणी जास्तच निघालं होतं. आजोबा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर, डोकं आपटलं असतं तर मेंदूत रक्तस्राव व्हायला वेळ लागला नसता. सकाळी डोस कमी झाला.

दुपारी भेटायला अर्धा वाडा हजर, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, नेवऱ्यांचे (करंज्यांचे) डबे घेऊन. एक बाई थेट खाटेवर बसून सलाईनच्या सुईवरची पट्टी नीट करायला लागली, दुसरा खोकत होता. खोकणाऱ्याला बाहेर काढलं, बाईंना सॅनिटायझर दिलं आणि सुकेपर्यंत वीसेक सेकंद चोळायला लावलं. राग आला त्यांना. येऊ दे. सुईची जागा लाल झाली की पुढची आठ दिवसांची कटकट त्यांच्या नव्हे, आजोबांच्या वाट्याला येते.

डिस्चार्जच्या वेळी मुलाने विचारलं, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळा-पानांची आरास, बांधायला बाबा चढले तर चालेल ना? म्हटलं, शिडीवर तुम्ही. बाबांनी खुर्चीत बसून सांगायचं, कुठे काय बांधायचं ते.