उष्टे सूर

लेकीकडे टेक्सासला आलो की दुपारी करण्यासारखं काही नसतं, म्हणून गॅरेजचं दार उघडून मी खुर्ची टाकून बसतो. समोरचे म्हातारे गाडी धुता धुता गातात. गातात म्हणजे काय, मला आधी ते गाणं वाटलंच नाही, चालच नाही हो त्याला. चार शब्द एकाच सुरावर, मग उगाच वर उडी, परत खाली, अंधारात कुणी जिना चाचपतंय तसं. लेकीला म्हटलं, अगं हे गृहस्थ पार बेसूर आहेत. तर म्हणे, "बाबा, हळू बोला." जसं काही त्यांना मराठी कळतंय.

मग मंगळवारी संध्याकाळी तेच मला चर्चच्या हॉलवर घेऊन गेले. वीस-पंचवीस माणसं, बरीचशी गुडघे धरून उठणारी, कोपऱ्यात कॉफीचा थर्मास. एकाने खिशातून गोल चपटी डबी काढली, मला वाटलं तपकीर ओढतोय, पण त्याने ती तोंडाला लावून फुंकली. एक सूर, बास. पेटी नाही, तबला नाही, तेवढ्यावर सगळे सुरू. याला बार्बरशॉप म्हणतात. चाल असते लीडवाल्यांकडे, टेनर त्यांच्या वर, बास तळाला, आणि या तिघांनी ताटात टाकलेले जे काही सूर उरतील ते बॅरिटोनने निमूट गिळायचे. आमचे म्हातारे बॅरिटोन.

शेवटचा सूर त्यांनी ताणून धरला आणि तो नीट बसला तेव्हा वर छताजवळ आणखी एक आवाज वाजायला लागला. तो कुणीच गात नव्हतं! जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप येतो ना, अगदी तसंच. म्हातारे डोळे मिटून उभे होते.

लहानपणी गावात गुरुवारी भजन असायचं. बुवांचं मला कधीच कौतुक नव्हतं, ते खाकरायचे फार. माझे कान मागे झील ओढणाऱ्यांकडे असायचे. त्यातला सगळ्यात भरीव आवाज देवळाच्या पायरीवरून यायचा, तिथे एक जण खांद्यावर घोंगडी टाकून बसायचा, टाळ नसायचे म्हणून मांडीवर ताल धरायचा, आणि अभंगाची ओळ बुवांनी सोडली की तो अशी काही उचलायचा की बुवांनाच मागे वळून बघावं लागायचं. मला वाटायचं, तो वाऱ्याला बसतो.

असो. कॉफी पिता पिता म्हाताऱ्यांनी त्यांच्या बार्बरशॉपवाल्यांच्या संस्थेचा इतिहास सांगितला. एप्रिल 1938, ओक्लाहोमातलं टल्सा, ओवेन कॅश नावाच्या टॅक्सच्या वकिलाने गाण्याची हौस असलेल्या मंडळींना एका क्लबच्या गच्चीवर बोलावलं, 26 जण आले. नाव इतकं लांबलचक ठेवलं की आद्याक्षरंच एसपीईबीएसक्यूएसए, सरकारी खात्यांची टिंगल म्हणून. यावर ते स्वतःच खूप हसले.

परतीच्या वाटेवर मात्र गाडीत हळू आवाजात बोलत होते. म्हणाले, हे गाणं मुळात आमचं नाही, कृष्णवर्णीयांच्या सलूनमधलं, नाक्यांवरचं. नंबर लागेपर्यंत लोक सूर जुळवत बसायचे. जॅझचा तो प्रसिद्ध ट्रम्पेटवाला लुई आर्मस्ट्राँगसुद्धा पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचा. आणि 1941 मध्ये न्यूयॉर्कची स्पर्धा जिंकली ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या कृष्णवर्णीय हमालांच्या चौकडीने, तर त्यांना पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत गाऊच दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी त्यावरून संस्थाच सोडली. बायकांना सभासद व्हायला तर 2018 उजाडलं.

मी म्हटलं, "अच्छा." दुसरं काही सुचेना.

रात्री झोप येईना तेव्हा तो पायरीवरचा आवाज आठवत पडलो होतो. अभंग आठवले, घोंगडी आठवली, प्रसाद त्याच्या ओंजळीत वरून टाकायचे तेही आठवलं. नाव काही आठवेना. श्रावणात धो धो पाऊस असायचा, तेव्हाही तो तिथेच बसायचा, आणि वारा त्या बाजूने नसायचा.