सहलीचे पैसे नाही भरले तर पोट्टं घरी बसते का?

आमच्या वहिनी नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिकवतात, त्यांनी परवा फोनवर सरळच विचारलं, "भाऊजी, तुमच्या अमेरिकेत सहलीचे पैसे नाही भरले तर पोट्ट्याला घरी बसवतात का हो?" आता नागपुरात बसून बऱ्याच लोकांना वाटते की अमेरिकेत गरीब नसतातच. असतात बापा, भरपूर असतात. आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो, माझी पोरगी जाते ती सरकारी शाळा, आणि तिच्या वर्गात आयटीवाल्यांची पोरं आहेत तशीच गोडाऊनमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांची, टोमॅटोच्या शेतात राबणाऱ्यांची पण आहेत. इकडं सरकारी शाळा म्हणजे गरिबांची शाळा असं नाही, आपण ज्या एरियात राहतो तिथली शाळा ती आपली, त्यामुळं एकाच बसमध्ये सगळे.

तर उत्तर असं की नाही, घरी बसवत नाहीत, बसवताच येत नाही. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात ३५३३० नंबरचं एक कलम आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की पैसे नाहीत म्हणून एकाही मुलाला फील्ड ट्रिपपासून अडवायचं नाही, आणि एखादं पोरगं पैशापायी मागं राहणार असेल तर त्या ग्रुपला ट्रिपची परवानगीच द्यायची नाही. म्हणजे गेले तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. मला हे वाचून पहिले थोडं विचित्र वाटलं, एका पोरासाठी सगळ्यांची ट्रिप थांबवायची का? पण थांबत नाहीच नं ती, कारण थांबवायची नसेल तर मग शाळेलाच पैसे जमवायला धावावं लागते, पोराच्या मायबापाला नाही. कायद्यानं ते ओझं बरोबर तिथं ठेवलंय.

याच्या मागं एक जुनी केस आहे. १९७८ साली इकडं प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा आली, शाळांचे पैसे आटले, आणि सँटा बार्बराच्या शाळांनी नाटक, संगीत, खेळ यांच्यासाठी २५ - २५ डॉलर फी लावली. गरीब मुलांना फी माफ होती बरं का, अर्ज करायचा फक्त. तरी एक आई कोर्टात गेली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं (हार्टझेल विरुद्ध कॉनेल) निकाल दिला की शाळेचाच कार्यक्रम असेल तर फी नाही म्हणजे नाही, आणि फीमाफी ठेवली म्हणून पण चालणार नाही, कारण अमुक मुलगा गरीब अशी नोंद झाली की तो डाग त्याच्यावर बसतो. मला हा मुद्दा एकदम पटला. आपल्याकडं मदत करणारे कमी नाहीत, पण मदतीच्या आधी हात वर करायला लावतात, "ज्यांना सवलत पाहिजे त्यांनी उभं राहा", आणि ते उभं राहणं टाळायला कित्येक पोट्टे सरळ सांगतात की आम्हाला त्या दिवशी मामाकडं जायचं आहे.

मग पैसे येतात कुठून? घरी कागद येतो त्यात लिहिलेलं असते की प्रत्येक मुलामागं इतका खर्च आहे, तुम्ही ऐच्छिक देणगी द्या, नाही दिली तरी मूल जाणारच. काही लोक दुप्पट देतात, काही देतच नाहीत, आणि कोणी किती दिले हे पोरांना कळत नाही. उरलेलं पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ भरते. ते लोक वर्षभर काही ना काही करत असतात, केक विका, पोरांना मैदानात पळवा आणि फेऱ्यांवर पैसे जमवा, नाहीतर एखाद्या हॉटेलशी बोलून ठेवा की मंगळवारी संध्याकाळच्या बिलातला काही हिस्सा शाळेला. डोनर्स चूज नावाची साइट पण आहे, २००० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका शिक्षकानं सुरू केलेली, तिच्यावर टीचर आपल्या वर्गाची गरज टाकतात आणि अनोळखी लोक पैसे देतात.

तिकीट हा तसा मोठा खर्च नाहीच. माँटेरेचं मोठं मत्स्यालय कॅलिफोर्नियातल्या शाळांना फुकट आहे, चौथीच्या मुलांना तर देशभरातल्या नॅशनल पार्कचा फुकट पास मिळतो, घरच्यांसकट. मारते ती बस! इथून माँटेरे ३०० किलोमीटरच्या आसपास, आणि दिवसभराची भाड्याची बस सहज हजार डॉलरच्या वर जाते. त्यामुळं जो कोणी दानशूर म्हणतो मी पोरांची तिकिटं काढून देतो, त्याला इथले टीचर गोड हसून सांगतात, बसचं बघा नं साहेब.

आणि पैशाशिवायच्या बारीक गोष्टी, त्या मला जास्त आवडल्या. ट्रिपला गिफ्ट शॉपमध्ये न्यायचं नाही, पोरांच्या खिशात पैसे द्यायचे नाहीत असं कागदावरच लिहिलेलं असते. डब्याचं पण तसंच. पहिले ज्यांना सरकारी फुकट जेवण होतं त्यांना ट्रिपच्या दिवशी शाळेकडून खाकी पिशवीतला डबा मिळायचा, म्हणजे पिशवी पाहिली की कळलं कोण कोण ते. २०२२ - २३ पासून कॅलिफोर्नियानं सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट केलं, आता डॉक्टरची पोरगी पण तीच पिशवी घेऊन बसते. (माझी पोरगी घरच्या तिखट पुऱ्या सोडून पिशवीतलं ते थंडगार सँडविच खाते, तो दुखवटा वेगळा.)

सगळं काही भारी आहे असं नाही. श्रीमंत वस्तीतल्या पीटीएकडं पैसा वाहतो, ते पोरांना डोंगरात चार दिवसांच्या सायन्स कॅम्पला नेतात, आणि थोडं पलीकडं हायवे ओलांडला की तिथली शाळा जवळच्या बागेत जाऊन येते. कायदा एका वर्गातली पोरं सारखी करते, दोन शाळा नाही. शिवाय सोबत जायला पालक लागतात, त्यांना टीबीची तपासणी आणि कुठं कुठं बोटांचे ठसे पण द्यावे लागतात, आणि ताशी पगारावर काम करणारी माय एक दिवसाची मजुरी बुडवून कशी येईल? म्हणून प्रत्येक ट्रिपला तेच ते चेहरे, आमच्यासारखे लॅपटॉपवाले.

हे सगळं वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कायदा तर आपल्याकडं पण आहे." खरंच आहे. २००९ च्या आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, लिहिलंय की शिक्षण पूर्ण करायच्या आड येईल अशी कोणतीही फी किंवा खर्च मुलाकडून घ्यायचा नाही. पण सहलीचं नाव तिथं नाही, आणि २५ टक्क्यांच्या कोट्यातून प्रायव्हेट शाळेत गेलेल्या पोराच्या बापाला सहलीची चिठ्ठी आली की त्याच्यासाठी कलम कोण वाचते. एसटी शैक्षणिक सहलीला अर्धं भाडं घेते, हे मात्र आपलं इकडच्यापेक्षा भारी आहे, इथं कोणी बस अर्ध्या भाड्यात देऊन दाखवावी.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, कोणी पुण्यात, कोणी दुबईत, बरेच अजून नागपुरातल्या महाल - नंदनवनातच. तिथं मी विषय काढला की वहिनींच्या वर्गाची सेवाग्राम - पवनार सहल आपण उचलू. दहा मिनिटात पैसे जमले, नागपूरकर पैशाला मागं सरकत नाही, पण लगेच एकानं लिहिलं, गरजू पोरांची यादी मागव आणि चेक देतानाचा फोटो पाहिजे, बॅनर मी छापतो. वहिनींनी साफ नाही म्हटलं. "यादी नाही देत, भाऊजी. बसचं भाडं द्या, पूर्ण वर्गाचं." ग्रुपवर त्यावरून दोन दिवस वाजलं, एक जण रुसून ग्रुप सोडून गेला (परत आला, संक्रांतीच्या शुभेच्छा टाकायला).

तर यंदा ठरलंय ते असं. एसटीचं बिल निघालं की आमच्या ग्रुपमधून थेट भरायचं, डबा सगळ्यांना सारखा, शाळेतली खिचडी बांधून न्यायची की पुरी - भाजी करायची यावर शिक्षकांमध्ये अजून खल चालू आहे, आणि वाटेत दुकानापाशी बस थांबवायची नाही. तुमच्यापैकी कोणाला आपल्या जुन्या शाळेसाठी असं करायचं असेल तर मुख्याध्यापकांना पहिले एवढंच विचारा, पैसे पूर्ण वर्गाच्या नावानं घेता का? डिसेंबरच्या तारखा एसटीत लवकर भरतात म्हणे, म्हणून दिवाळीच्या आधीच विचारा.