घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट: माझा अनुभव

खांब उभे करायला मला एक दिवस लागला आणि त्यांच्याखालची जमीन तयार करायला सव्वा महिना. गाडीचं सगळं वजन शेवटी दहा बोल्टांवर येतं, एका खांबाला पाच. लिफ्टचे आर्म, म्हणजे गाडी उचलणारे आडवे हात, खांबापासून आत, गाडीखाली जातात. त्यामुळे वजन पडलं की खांब आतल्या बाजूला कलू पाहतो आणि बाहेरच्या कडेचे बोल्ट वर उपसले जातात. त्यांना धरून ठेवतं ते फक्त काँक्रीट.

चार टनांच्या लिफ्टसाठी पुस्तिकेतली किमान अट होती 100 मिमी जाडीचं, 21 मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट, आणि बोल्टपासून 150 मिमीच्या आत भेग, सांधा किंवा कड नको. वरून पाहून जाडी कळत नाही. दोन्ही खांबांच्या जागी 10 मिमीचं आरपार भोक पाडलं, टोक वाकवलेली तार आत घालून खालच्या कडेला अडकवली आणि मापलं. एकीकडे 110 मिमी भरलं, दुसरीकडे जेमतेम 70. ही तपासणी लिफ्ट विकत घेण्याआधीच करायला हवी. आणि भोक पाडण्याआधी जमिनीत पाण्याचे किंवा उष्णतेचे पाइप नाहीत ना, स्लॅब ताणलेल्या केबलींचा नाही ना, हे नकाशावरून पक्कं करा. तशी केबल कापली गेली तर जिवावर बेतू शकतं.

एका बाजूला जुना स्लॅब आणि दुसऱ्या बाजूला नवा, असं मला नको होतं. म्हणून दोन्ही जागी 1.2 बाय 1.2 मीटरचे चौकोन कापून 300 मिमी खोल खणले. खालची माती धुम्मसाने घट्ट केली, 12 मिमीच्या गजांची जाळी टाकली आणि जुन्या स्लॅबच्या कडेत गजांचे तुकडे इपॉक्सीने बसवून नवं-जुनं बांधून घेतलं. काँक्रीट एका खड्ड्याला 0.43 घनमीटर, म्हणजे दोन्ही मिळून पाऊण घनमीटरच्या थोडं वर लागलं. ओतण्याआधी बेसप्लेटचा, म्हणजे खांबाच्या तळाच्या पोलादी पाटाचा, पुठ्ठ्याचा साचा ठेवून बोल्टच्या जागा पाहिल्या आणि वरचे गज तिथून बाजूला सारले. हे केलं नाही तर ड्रिल नेमकं गजावर जातं. ओल्या गोणपाटाखाली चौदा दिवस ठेवलं, अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये पकड घेणारे बोल्ट, मात्र 28 दिवस उलटल्यावरच. कच्च्या काँक्रीटमध्ये अँकर आवळला की भोकाच्या कडा आतून चुरतात. त्या वेळी काही दिसत नाही, नट मात्र नंतर सैल होत राहतात.

उंचीचा हिशेब सरळ आहे. गाडीची उंची 1.5 मीटर, आर्मच्या टोकाला गाडीला टेकणाऱ्या पॅडची उचल 1.8 मीटर, म्हणजे 3.3. छत 3.4 मीटर असल्याने वरून आडवी तुळई असलेली, साडेतीन मीटरच्या वर जाणारी लिफ्ट बादच झाली. मी जमिनीवरून जोडपट्टी जाणारी घेतली. त्या पट्टीवरून ट्रॉली जॅक नीट सरकत नाही, तो त्रास कायमचा. उंच गाडीसाठी खांबावर रंगाची खूण केली आहे, तिच्यावर जायचं नाही. गॅरेजचं दार वर उघडणारं असेल तर ते उघडं ठेवून माप घ्या.

खोक्यात दोन्ही खांब एकमेकांवर कंसांनी बोल्ट केलेले येतात, प्रत्येकी अडीचशे किलोच्या आसपास. कंस सोडले की वरचा खांब घसरतो. आधी त्याला चेन पुलीने ताण द्यावा आणि मगच नट काढावेत. उभे करताना इंजिन काढायचा क्रेन पुरतो, पण बेसप्लेटला किमान दोन बोल्ट लागेपर्यंत क्रेनची साखळी सोडू नये.

आखणी चुन्याच्या दोरीने केली. दोन्ही बेसप्लेट एका रेषेत आणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे कर्ण मापले. फरक दोन सुतांपेक्षा, म्हणजे 6 मिमीपेक्षा, जास्त नको. खांब गुण्यात नसतील तर कॅरेज, म्हणजे खांबात वर-खाली सरकणारे आर्मचे सांगाडे, घासतात आणि तारा पुलीवरून तिरप्या धावतात.

अँकर पाऊण इंची पाचरीचे, 140 मिमी लांब. भोक नेमकं पाऊण इंचीच. ड्रिल झिजलेलं किंवा हात हलता असेल तर भोक मोठं होतं आणि अँकर नटाबरोबर फिरत बसतो. बेसप्लेटच्याच भोकातून, ड्रिल काटकोनात धरून काम केलं. नंतर तारेचा ब्रश फिरवायचा, हवेने धूळ उडवायची, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. धुळीवर पाचर पकड घेत नाही, तिथे आळस नको. ओळंब्यासाठी बेसप्लेटखाली घोड्याच्या नालेच्या आकाराच्या शिम, म्हणजे उंची जुळवायच्या पातळ चकत्या, सरकवल्या, अगदी बोल्टाला लागून. 12 मिमीपेक्षा जास्त शिम लागत असेल तर जमीनच दुरुस्त करावी, कारण जितकी शिम वाढते तितकी अँकरची काँक्रीटमधली खोली कमी होते, आणि ती 82 मिमीखाली जाता कामा नये. नट हाताने लावल्यापासून तीन ते पाच फेऱ्यांत अँकर धरायला हवा. त्यानंतरही फिरतच राहिला तर भोक बिघडलंय असं समजा. आमच्या पुस्तिकेत 120 न्यूटन-मीटर टॉर्क दिला होता. वेगवेगळ्या लिफ्टचा आकडा वेगळा असतो, म्हणून आपली पुस्तिका पाहावी. टॉर्क पान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गनने नाही.

दोन्ही कॅरेज बरोबर वर जाव्यात म्हणून दोन समतोल तारा असतात. एकीच्या ताणाने दुसरी कॅरेज ओढली जाते. ताण जुळवण्याची खूण कानाला कळते. लिफ्ट रिकामी वर नेताना दोन्ही खांबांतली, कॅरेजला खाली येण्यापासून अडवणारी लॉक एकाच क्षणी ‘खट्’ व्हायला हवीत. एक आधी, एक मागून वाजलं तर मागे राहिलेल्या कॅरेजला ओढणाऱ्या तारेचा ताण नट फिरवून थोडा वाढवायचा, एका वेळी अर्धी फेरीच. पहिल्या महिन्यात नव्या तारा ताणल्या जातात, तेव्हा हे पुन्हा करावं लागतं.

टाकीत हायड्रॉलिक तेल 32 ग्रेडचं, अकरा लिटर गेलं. ब्रेक ऑइल अजिबात नको, सील फुगतात. पहिल्यांदा आर्म रिकामे ठेवून पाच-सहा वेळा वर-खाली केलं आणि सिलिंडरच्या वरच्या स्क्रूतून हवा काढली. हवा राहिली की लिफ्ट धक्के देत चढते.

मोटर 2.2 किलोवॅटची, एक फेज. चालताना ती पंधरा अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. साधा ब्रेकर त्या क्षणी पडतो, म्हणून सी प्रकारचा 20 अँपिअरचा लावला आणि 4 चौरस मिमीची स्वतंत्र वायर पॅनेलपासून थेट आणली. एक्स्टेन्शनवर मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही आणि जळते. हे जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं.

आता वापर. पॅड गाडीच्या कंपनीने दिलेल्या जागीच लावायचे. बहुतेक छोट्या गाड्यांना दाराखालच्या उंबऱ्याच्या खालच्या शिवणीवर दोन खाचांमध्ये ती जागा असते, शिडीसारखी चेसिस असेल तर चेसिसवर. शिवणीला खाच असलेले रबर पॅड लागतात, सपाट पॅडने शिवण दुमडते. पुढे इंजिन असलेल्या गाडीचं वजन पुढे जास्त असतं, म्हणून खांबांच्या रेषेत गाडीचा मध्य नव्हे, तोल यायला हवा. आमची लिफ्ट असमान आर्मची आहे, पुढचे आखूड आणि मागचे लांब. त्यामुळे गाडी थोडी मागे उभी राहते आणि दार खांबाला आपटत नाही.

चाकं जमिनीपासून चार-पाच इंच उचलली की थांबायचं. आर्म बाजूला फिरू न देणारे दातेरी खटके बसलेत का ते हाताने पाहायचं, कारण आर्म जमिनीला टेकलेला असेपर्यंत ते मोकळेच असतात. मग बंपर धरून गाडी जोरात हलवायची. करकरली किंवा सरकली तर खाली आणून पुन्हा लावायची. हवी तेवढी उंची मिळाली की थोडं खाली सोडून दोन्ही लॉकवर टेकवायची, तेलाच्या दाबावर टांगलेल्या गाडीखाली मी कधीच जात नाही. उतरवताना आधी इंचभर वर घेतल्याशिवाय लॉक सुटत नाहीत. एकच सुटलं तर गाडी एका बाजूला अडकते. अशा वेळी हँडल सोडून ताबडतोब वर घ्यायची आणि लॉकची वायर जुळवायची.

सगळ्यात फसवं काम म्हणजे इंजिन किंवा मागचा अॅक्सल उतरवणं. तोल एकदम बदलतो आणि गाडी आर्मवरून पुढे किंवा मागे कलंडू शकते. इंजिन काढायचं असेल तर हलक्या होणाऱ्या पुढच्या टोकाला पट्ट्याने आर्मशी बांधायचं आणि जड होणाऱ्या बाजूखाली उंच स्टँड द्यायचे. स्टँड नुसते टेकवायचे, त्यांच्यावर गाडी उतरवायची नाही, नाहीतर वजन पॅडवरून निघून जातं.

पहिल्या वीस उचलींनंतर सगळे अँकर टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, तेव्हा दोन नट पाव फेरी फिरले. महिन्याने एकही नाही. आता दर तीन महिन्यांनी तपासतो. तेव्हाच जुन्या चिंधीने तारा पुसतो, नुसत्या हाताने नाही, कारण एखादा धागा तुटला असेल तर तो चिंधीत अडकतो. असा धागा सापडला तर तार बदलायची, तोवर लिफ्ट बंद.